पंप म्हणजे नेमके किती लिटर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरिपात कोणत्याही कृषी केंद्राच्या काउंटरपाशी तासभर उभं राहा, एकच प्रश्न वीसदा कानी पडेल : "भाऊ, पंपाले किती?" उत्तरही तयार असतं : "दोन झाकनं." विचारणाऱ्यानं पंप कोणता ते सांगितलं नाही, सांगणाऱ्यानं झाकण कोणत्या बाटलीचं ते सांगितलं नाही, तरी व्यवहार पुरा झाला. आपल्या शेतीच्या पानावरचे सल्लेही बरेचदा 'प्रति पंप अमुक मिली' असेच छापून येतात. शब्द इंग्रजी, दोन अक्षरांचा, शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक. घोटाळा नेमका तिथंच आहे.

इंग्रजीत पंप म्हणजे पाणी किंवा हवा ओढणारं, ढकलणारं यंत्र. 15व्या शतकात हा शब्द जहाजाच्या तळाशी साचलेलं पाणी उपसण्याच्या साधनासाठी वापरात होता. (नवरदेवाच्या पायातला पंपशू हा निराळा, इंग्रजी कोशांत त्या जोड्याच्या 'पंप'ची नोंद स्वतंत्र असते.) आपल्या पाठीवरच्या टाकीला मात्र इंग्रजीत पंप म्हणतच नाहीत. तिला म्हणतात नॅपसॅक स्प्रेअर, म्हणजे पाठीवर अडकवायचा फवारा. त्यातला पंप म्हणजे हँडल वरखाली केलं की दाब तयार करणारा छोटा सिलिंडर आणि दट्ट्या, एवढंच. आपण त्या भागाचं नाव सगळ्या यंत्राला देऊन टाकलं. विहिरीवर नेमकं उलट केलं. तिथं खरा पंप आहे, पण आपण म्हणतो 'मोटर'. "मोटर चालू करून ये," "मोटर जळाली." वीज बिलावर मात्र तोच 'कृषिपंप' असतो. म्हणजे शेतकऱ्याची मोटर तो कचेरीचा पंप, आणि शेतकऱ्याचा पंप तो कंपनीच्या खोक्यावरचा स्प्रेअर.

एवढ्यानं भागलं असतं तर पत्र लिहायची गरज नव्हती. पण पुढं विशेषणं लागली, आणि तीही दोन्हीकडे सारखीच. 'हातपंप' म्हणजे गावातली बोरिंग, हापशी. सल्ल्यात मात्र 'हातपंपासाठी मात्रा' असं लिहिलं की तो हँडलचा फवारणी पंप. 'पेट्रोल पंप' म्हणजे गाडीत तेल भरायची जागा. फवारणीच्या सल्ल्यात तोच इंजिनावर चालणारा पाठीवरचा पंप. 'सौर पंप' म्हणजे विहिरीवरच्या सोलर पाट्या; बाजारात सोलर पाटीवर चार्ज होणारा फवारणी पंपही याच नावानं मिळतो. माणूस संदर्भावरून समजून घेतो हे खरं, पण नेहमीच नाही. "पेट्रोल पंपासाठी कीटकनाशकाची मात्रा तिप्पट करावी" हे वाक्य शहरातल्या माणसाला वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

विहिरीवरच्या पंपाला आपण आकडा लावल्याशिवाय बोलतच नाही. तीनची मोटर, पाचची मोटर, साडेसातची मोटर. एक एचपी म्हणजे 746 वॅट हे पाठ नसलं, तरी तीनच्या जागी पाचची लावली तर डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, काय होतं ते सगळ्यांना कळतं. राज्याची मोफत विजेची योजनाही 7.5 एचपीपर्यंतच्या पंपांनाच आहे, तिथंही आकडा लागतोच. पाठीवरच्या पंपाला मात्र आपण लिटर लावत नाही. 'पंप' हेच जणू माप आहे, पायली-कुडवासारखं. पायलीचं माप निदान ठरलेलं होतं.

आज गावात काय काय आहे ते बघा. जुना हँडलचा पंप 15 किंवा 16 लिटरचा. बॅटरीचा 16, 18 किंवा 20 लिटरचा. 2024 साली सरकारनं कापूस-सोयाबीन पट्ट्यात बॅटरीचे फवारणी पंप पूर्ण अनुदानावर देऊ केले, त्यामुळे अनेक घरांत आता जुना एक आणि नवा एक असे दोन मापांचे पंप आहेत. तैवान पंप म्हणून विकतात तो इंजिनावरचा, 20 ते 25 लिटरचा. हवेच्या झोतानं बारीक तुषार फेकणारा पॉवर स्प्रे, टाकी साधारण 10 ते 14 लिटरची. वरुड, मोर्शी, काटोलकडच्या संत्र्याच्या बागांत एचटीपी, म्हणजे लांब नळीनं मोठ्या दाबाचा फवारा मारणारं यंत्र, आणि तिथं माप पंप नसून 200 लिटरचा ड्रम. शिवाय आता ड्रोन, टाकी साधारण 10 लिटरची. 'प्रति पंप 5 मिली' हे वाक्य यातल्या कोणासाठी आहे?

एक उदाहरण पुरतं मांडतो. क्लोरॅन्ट्रॅनिलिप्रोल 18.5 टक्के एससी हे बोंडअळी, शेंगा पोखरणारी अळी, सोयाबीनवरच्या अळ्या यांसाठी आपल्याकडे सगळीकडे विकलं जातं. कपाशीसाठी त्याची लेबलवरची मात्रा हेक्टरी 150 मिली. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, तेव्हा एकरी 60 मिली. हेक्टरी 500 लिटर पाणी धरलं तर एकरी 200 लिटर, म्हणजे 10 लिटरला 3 मिली. इथवर हिशेब सरळ आहे. आता तो पंपात उतरवा. 15 लिटरच्या पंपाला साडेचार मिली, 20 लिटरच्या पंपाला 6 मिली. एकराला 15 लिटरचे तेरा-साडेतेरा पंप लागतील, 20 लिटरचे दहा.

पण बोलण्यात रूढ आहे 'एकरी दहा पंप'. 15 लिटरचा पंप असून दहाच पंप मारले, साडेचार मिलीप्रमाणे, तर एकरात औषध पडलं 45 मिली. पाव भाग कमी. अळी मरत नाही, अर्धवट औषध पचवते, आणि चार दिवसांनी दुकानात तक्रार येते की माल बोगस होता. उलट 20 लिटरसाठी सांगितलेले 6 मिली 15 लिटरच्या पंपात टाकले आणि इमानदारीनं तेरा पंप मारले तर 78 मिली. महागाचं औषध जवळपास तिसरा हिस्सा जास्त गेलं. दोन्ही शेतकऱ्यांनी 'सांगितल्याप्रमाणेच' केलं. चूक झाली ती शब्दात.

सगळ्यांत घातक आहे तो 'तिप्पट'. कृषी विद्यापीठांच्या सल्ल्यांच्या शेवटी एक ओळ असते, की ही मात्रा साध्या पंपासाठी आहे, पॉवर पंपासाठी तिप्पट करावी. ओळ चुकीची नाही. हवेच्या झोताचा पॉवर स्प्रे बारीक तुषार फेकतो, त्याला एकरी पाणी 60-70 लिटरच पुरतं. पाणी तिसरा हिस्सा, म्हणून दर लिटरमागे औषध तिप्पट. एकरात पडणारं औषध तेवढंच राहतं. ही ओळ लिहिली गेली तेव्हा पॉवर पंप म्हणजे हाच एक प्रकार होता. नंतर बॅटरीचा पंप आला, लोकांनी त्यालाही 'पॉवर पंप' म्हटलं, कारण हात हलवावा लागत नाही. तैवान पंप आला, त्यात तर पेट्रोलच असतं. पण बॅटरीच्या पंपात दाब मोटर देते एवढाच फरक. नोझल, म्हणजे फवाऱ्याचं तोंड, तीच, पाणी साध्या पंपाइतकंच. तैवान पंपही दाबाचं पाणी नोझलमधूनच फेकतो. त्यांत मात्रा तिप्पट केली की वरच्याच औषधाचे साडेचारचे साडेतेरा मिली होतात, आणि दहा पंपांत एकरी 135 मिली जातात. दुपटीहून जास्त. क्लोरॅन्ट्रॅनिलिप्रोल माणसाला त्या मानानं सौम्य, डब्याचा त्रिकोण हिरवा. लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाच्या औषधाला हाच तिप्पट लावला तर नुकसान खिशापुरतं राहत नाही.

2017च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. कारणं पुष्कळ होती : डोक्याएवढी वाढलेली कपाशी, त्यात कोंडलेली दमट हवा, औषधांची मिश्रणं, अंगावर संरक्षक कपडे नाहीत. तेव्हा 'चायना पंप' या नावाखाली बॅटरीच्या पंपांकडेही बोट दाखवलं गेलं. सारा दोष एका शब्दावर टाकण्याचा हेतू नाही. पण त्या दिवसांतही 'पंपाले किती' याच्या उत्तरात लिटर नव्हते, आणि आजही नाहीत.

आता उपाय, जो फुकट आहे. आपला पंप आपल्या चालीनं एकरी किती पाणी टाकतो ते एकदा मोजायचं. शेतात 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद तुकडा चार काड्या रोवून आखा. तो झाला 1 आर, सातबाऱ्यावर असतो तोच. पंपात साधं पाणी भरून पातळीला खूण करा. नेहमीच्या चालीनं, नेहमीच्या नोझलनं तो तुकडा फवारा. मग लिटरच्या मापानं पुन्हा खुणेपर्यंत पाणी भरा, आणि जितकं लागलं त्याला 40 नं गुणा. समजा साडेचार लिटर लागलं, तर एकरी 180 लिटर. पंप 15 लिटरचा असेल तर बारा पंप. एकराचं औषध 60 मिली भागिले 12, म्हणजे पंपाला 5 मिली. हा आकडा तुमचा. शेजाऱ्याचा पंप, नोझल, चाल वेगळी, तर त्याचा आकडाही वेगळा. पीक वाढलं की पाणी वाढतं, म्हणून जुलैत काढलेला आकडा सप्टेंबरच्या कपाशीला लावू नये. नोझलचं भोक झिजून मोठं झालं तरी पाणी वाढतं, आणि थेंब जाड पडून पानावरून ओघळतात; तेव्हा नोझल बदलणंच स्वस्त. नोझल तुंबली तर तोंडानं फुंकू नये. काडी किंवा मऊ ब्रश वापरावा. तारेनं कोरलं तर भोक बिघडतं.

आधी टाकीचंही माप घ्या. 16 किंवा 20 लिटर हा आकडा कंपनीचा. गाळणी बसवून, सांडणार नाही इतकं भरून किती मावतं ते लिटरच्या मापानं बघावं आणि ऑइलपेंटनं टाकीवर लिहून टाकावं.

पाच मिली नेमकं मोजणं चिखलात, घामेजल्या हातांनी अवघड जातं, आणि मग झाकणं सुरू होतात. एका बाटलीचं झाकण दुसऱ्या बाटलीच्या झाकणाएवढं असेलच असं नाही, त्यामुळे 'दोन झाकनं' हे माप पंपाहूनही सैल. त्यापेक्षा एकराचं सगळं औषध एकदाच मोजून बादलीत टाकावं आणि पाणी घालून बरोबर 6 लिटर करावं. बारा पंप आहेत, तर दर पंपाला त्यातलं अर्धा लिटर. अर्ध्या लिटरचं माप कोणत्याही घरी असतं, आणि चुकलं तरी थोडंच चुकतं. पावडर असेल तर दर वेळी ढवळून घ्यावी, नाहीतर ती तळाशी बसते. पहिल्या पंपात पाणी आणि शेवटच्यात विष, असा प्रकार होतो. हे द्रावण त्याच दिवशी संपवावं. ते माप आणि बादली पुन्हा घरात नेऊ नये, हे लिहायला नको, पण लिहितो.

तणनाशकाला तर 'पंप' हे माप चालतच नाही. सोयाबीनमधलं इमॅझेथापायर 10 टक्के एसएल घ्या. हेक्टरी 1 लिटर, म्हणजे एकरी 400 मिली. पंपाच्या हिशेबात जास्त गेलं तर सोयाबीन पिवळं पडून थबकतं, कमी गेलं तर तण नुसतं कोमेजून पुन्हा उभं राहतं. चाल मंदावली तरी औषध जास्तच जातं, कारण तेवढ्याच जागेत पाणी जास्त पडतं. म्हणून तणनाशकाआधी 1 आरची चाचणी टाळू नये, आणि नोझलही पट्टा पाडणारी घ्यावी, कीटकनाशकाची गोल फवारा देणारी नको. पंपही वेगळाच ठेवावा. 2,4-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून कपाशीत नेला तर कपाशीची पानं भेंडीसारखी चिरतात, आणि गडी म्हणतो रोग आला. कपाशी या औषधाला फार हळवी. टाकीत, नळीत, वायसरमध्ये राहिलेला अंशही तिला पुरतो.

ड्रोनबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. 'पंप' टाळून 'प्रति 10 लिटर' लिहिलं तरी ड्रोनपाशी तेही कोसळतं. ड्रोन एकराला साधारण 10 लिटरच पाणी वापरतो. '10 लिटरला 3 मिली' वाचून कोणी ड्रोनच्या टाकीत 3 मिली टाकलं, तर 60 मिलीच्या जागी एकरात विसावा हिस्सा औषध पडेल. ड्रोनसाठी परवानगी असलेलं औषध बघून एकरी मात्राच मोजावी लागते. म्हणजे शेवटी खरं माप एकच : एकरी किती. बाकी सगळं पाण्याचं गणित.

आणखी एका ठिकाणी हा शब्द माप म्हणून चालतो, तिथं तो मजुराच्या विरोधात जातो. फवारणीची मजुरी पुष्कळ गावांत 'पंपावर' ठरते, दर पंपाला इतके रुपये. पंप 15 लिटरचा होता तेव्हा हा दर बांधला गेला. आता मालकानं 20 लिटरचा पंप दिला तर पाठीवर दर फेरीला 5 लिटर जास्त, म्हणजे 5 किलो जास्त. यंत्राचं वजन वेगळं. दर मात्र तोच, 'पंपाचा'. या व्यवहारात तोटा मजुराचा. पिकाचा तोटा मालकाचा, कारण पंपावर मजुरी म्हटली की पंप लवकर रिकामा करण्याकडे कल जातो. नोझल सैल करून, भराभर चालून टाकी संपवली की पैसे झाले. मजुरी लिटरवर किंवा एकरावर ठरली, तर दोघांचंही भांडण मिटतं.

आता आपल्याकडे मागणं. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आपले सल्ले बहुधा 'प्रति 10 लिटर पाणी' असेच देतं. तिथून बातमीत, मोबाइलवरच्या निरोपात आणि मग काउंटरवर येता येता त्याचा 'पंप' होतो. निदान छापील कागदावर तरी तो होऊ नये. 'पॉवर पंप' आणि 'पेट्रोल पंप' हे शब्द फवारणीच्या सल्ल्यातून काढून टाकावेत. 'हवेच्या झोताचा पॉवर स्प्रे' असं लांबलचक लिहावं, जागा गेली तरी चालेल. तिप्पट मात्रेच्या ओळीपुढं 'बॅटरी पंप व तैवान पंपासाठी नाही' एवढे शब्द जोडावेत. दुकानदारांनीही चिठ्ठीवर पंपाचे लिटर लिहूनच मात्रा द्यावी. बिलावर औषधाचं नाव लिहितात, त्याच्याच शेजारी.

पुढच्या सल्ल्याची ओळ अशी छापता येईल : "क्लोरॅन्ट्रॅनिलिप्रोल 18.5 टक्के एससी, एकरी 60 मिली. एकरी 200 लिटर पाणी लागत असेल तर 10 लिटरला 3 मिली. 15 लिटरच्या टाकीला साडेचार मिली, 20 लिटरच्या टाकीला 6 मिली. पाणी कमी-जास्त लागत असेल तर एकरी मात्रा तीच ठेवून टाकीची मात्रा बदलावी."

कळावे,
आपला,
फवारणी यंत्र दुरुस्ती व कृषी साहित्य व्यवसायातील एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ